मार्चमधला रमजान

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मी शाळेत परीक्षा विभाग बघते आणि वेळापत्रक लावताना सगळ्यांचे सण समोर मांडून बसावं लागतं, म्हणून हा हिशोब मला पाठ आहे. कधी तो जूनच्या लूमध्ये, त्या तापलेल्या वाऱ्यात येतो, कधी दिवाळीला लागून, कधी संक्रांतीच्या तिळाच्या गजकीबरोबर. सगळ्या ऋतूंची फेरी पुरी करायला त्याला साधारण तेहतीस वर्षं लागतात. यंदा नव्या कॅलेंडरवर बोर्डाच्या पेपरांच्या तारखा लाल शाईने लिहीत होते आणि मधेच हात थांबला. रमजान मार्चमध्ये आला होता, ऐन बारावीच्या परीक्षेत. आमच्या वर्षी आला होता तसाच.

ग्वाल्हेरचा मार्च मला आवडतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सकाळी शाळेत निघताना अंगावर शाल लागते, दुपारी तीच शाल स्कूटीच्या डिकीत कोंबावी लागते. कडुनिंबाची पानं गळतात आणि त्याच आठवड्यात नवी लालसर पालवी फुटते. सावरीची जाड फुलं रस्त्यावर थप्पकन पडतात. हातगाड्यांवर हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. आता मी राहते त्या हरिशंकरपुरममध्येही एक गाडीवाला येतो. मी दोन जुड्या घेते, घाटे सोलायला बसते आणि बोटांना तो आंबट, चिकट वास लागला की मी पन्नाशीची राहत नाही. जयेंद्रगंजच्या गल्लीतल्या एका गच्चीवर असते. मांडीवर गणिताची वही असते आणि शेजारी सबीहा.

सबीहाचं घर आमच्या समोर होतं. मधली गल्ली एवढी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागे. त्या गल्लीत मुसलमानांचं घर ते एकच, बाकी आम्ही मराठी मंडळी आणि दोन मारवाडी. तिचे वडील गोरखीजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मी चाचा म्हणायचे. मराठी मुलांना शिकवून शिकवून त्यांना मराठी छान येत होती, फक्त तिला हिंदीचं वळण होतं. सबीहाची आई ती लहान असतानाच गेली होती. घरात बाप-लेक दोघंच.

त्या वर्षी चार वाजल्यापासून रोजा सुटेपर्यंत चाचा आम्हा दोघींना गच्चीवर गणित शिकवायचे. पाण्याच्या टाकीला फळा टेकवलेला. समोर किल्ला. उन्हं कलली की किल्ल्याचा खडक आधी पिवळा आणि मग राखाडी व्हायचा. चाचांच्या पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नसायचा, पाण्याचा थेंब नसायचा. बोलताना ओठ कोरडे पडून टच्‌ टच्‌ वाजायचे, पण खडू थांबायचा नाही.

समोरच्या गच्चीवर आई कुरडया वाळत घालायला यायची. तिला त्यांची फार दया यायची.

“मास्तर, थेंबभर पाणीसुद्धा नाही? त्यापेक्षा आमची एकादशी बरी हो.”

“वहिनी, तुमची एकादशी मला माहीत आहे,” चाचा गल्लीवरून उत्तर द्यायचे. “साबुदाण्याची खिचडी, रताळी, शेंगदाण्याची आमटी, वरून केळं. तुमचा उपवास असला की आमच्याकडे ईद असते, डबा येतो ना!”

आई हसत हसत कबूल करायची, “एकादशी अन् दुप्पट खाशी, आमच्यात म्हणतातच तसं.”

एकदा समाकलनाचं एक गणित सोडवता सोडवता मी घाटे सोलून मधे ठेवत होते. सबीहाने त्यातले दोन उचलले, तोंडात टाकले, चावले आणि गिळले. मग तिच्या लक्षात आलं. तिचे डोळे भरून आले. “अब्बा, रोज़ा टूट गया.”

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. “भूलून खाल्लंस ना, विसरून?”

“हो.”

“मग नाही तुटला. भूलून खाल्लं तर ते वरून आलेलं जेवण समजायचं. चूळ भर आणि गणित पुढे कर.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि सुलभाबाई, तुमचं ते ताट जरा लांब ठेवा.”

मला हे अजबच वाटलं. आमच्याकडे उपवास मोडला की मोडला, चुकून असो की कसाही. मी विचारलं, “चाचा, तुमच्यात भुलण्याला माफी कशी काय?”

“कारण माणूस बनलाय तसा,” ते म्हणाले. आणि त्या दिवशी समाकलन राहिलं बाजूला.

चाचांनी जे सांगितलं ते असं. माणूस मातीचा. साधी माती, सुरईची असते तशी, वाजणारी. तिच्यात अल्लाने आपली फुंकर घातली. म्हणून माणूस दोन्हीकडे ओढला जातो, खाली मातीकडे आणि वर फुंकरीकडे. फरिश्त्यांना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, हा जमिनीवर जाऊन मारामाऱ्या करणार, तुझी भक्ती करायला आम्ही आहोत की. पण मग माणसाला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली गेली, आणि फरिश्त्यांना म्हटलं, आता तुम्ही सांगा नावं. त्यांना येईनात. माणसाने सांगितली.

“म्हणजे माणसाला पहिली यादी मिळाली!” मी म्हटलं. तेव्हाही मला याद्यांचं वेड होतं. कुठला धडा कधी, कुठली सूत्रं राहिली, सगळं भिंतीवर चिकटवलेलं असायचं.

“यादीच. तुझ्यासारखी.” चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि रोज्यात ठसका लागला तर पाणीही पिता येत नाही.

मी वही उघडून लिहायलाच बसले. माणूस कशासाठी, एक, दोन, तीन. “पहिलं काय लिहू, चाचा?”

त्यांनी किल्ल्याकडे बोट केलं. “राजाने किल्लेदार ठेवला. चाव्या त्याच्याकडे, दरवाजे त्याच्याकडे, दाणागोटा त्याच्याकडे. पण किल्ला त्याचा आहे का? नाही. तो सांभाळणारा. माणूस या जमिनीवर तसा आहे. पाणी, झाड, जनावर, शेजारी, स्वतःचं शरीर, सगळं त्याच्याकडे अमानत. ही अमानत आधी आसमानाला दिली, जमिनीला दिली, पहाडांना दिली. सगळे घाबरले, नको म्हणाले. माणूस म्हणाला, द्या. वेडाच तो.”

“आणि दुसरं?”

“दुसरं, बंदगी. म्हणजे फक्त नमाज नव्हे. अमानत नीट सांभाळणं हीच बंदगी. तुझं समाकलन न चोरता सोडवणं, हीसुद्धा.”

“तिसरं?”

“तिसरं हे, की तो भूलणार. आदम भूलला, तू पण भूलशील. भूल आदमकडूनही झाली, सैतानाकडूनही झाली. फरक कुठे पडला? आदम म्हणाला, माझ्याकडून झालं. दुसऱ्याने दलील दिली, वाद घातला.” फळ्यावरचं अर्धं गणित त्यांनी हाताने पुसलं. “बस. लिहिलंस? आता दोघी उदाहरण सात करा.”

सबीहा माझ्या कानात म्हणाली, “अब्बा को छेड़ मत, नहीं तो पेपर में आदम-हव्वा ही लिखकर आएँगे.”

आता दोरीचं सांगायला हवं.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच त्यांचं गजराचं घड्याळ बंद पडलं. “माझ्या घड्याळाने रोजे सोडले,” चाचा म्हणाले. मुसलमान मोहल्ल्यात सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठवणारे हाका मारत फिरतात, पण ते आमच्या गल्लीत कशाला येतील? मी मात्र अभ्यासाला चार वाजता उठायची, वडिलांची शिस्तच तशी होती. म्हणून मी एक सोय केली. माझ्या खिडकीच्या गजापासून गल्लीवरून सबीहाच्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली आणि तिकडच्या टोकाला माझ्या लहानपणच्या नाचाचे घुंगरू लटकवले. चार वाजता मी सुतळी ओढायची. घुंगरू वाजायचे. मग समोर दिवा लागायचा, स्टोव्हचा फरफर आवाज यायचा आणि थोड्या वेळाने पराठ्याचा वास. दिवसाच्या पहिल्या बांगेपर्यंत ते जेवून घेत. मी या कामाचा तक्ता केला होता. रोज सुतळी ओढली की त्यावर एक बरोबरची खूण. अठरा दिवसांत अठरा खुणा. मला फार अभिमान होता.

दोरीच्या एकोणिसाव्या दिवशी गणिताचा पेपर होता. त्या पेपरवर सबीहाचं बरंच काही अवलंबून होतं. भोपाळहून तिच्या मामांनी एक स्थळ आणलं होतं. चाचांनी त्यांना सांगितलं होतं की मुलगी गणितात चांगली निघाली तर बी.एस्सी. करेल, मग बघू. सबीहाला त्यांच्यासारखं शिकवायचं होतं, हातात खडू घेऊन.

मी चारला उठले. झोपून राहिले नव्हते, हे आधी सांगते. उठले, तोंड धुतलं, दिवा लावला. सुतळी खिडकीत समोर दिसत होती. टेबलावर रात्रीचं एक अर्धवट गणित पडलं होतं. वाटलं, एवढी एक पायरी करते आणि मग ओढते. एका पायरीच्या दोन झाल्या, चिन्ह चुकलं ते शोधलं, उत्तर जुळलं. मी आनंदाने मान वर केली आणि दुरून बांग ऐकू आली. समोरची खिडकी काळोखी होती.

सकाळी सबीहा खाली आली तेव्हा तिच्या हातात कंपास पेटी होती. चेहरा पांढरा. आदल्या संध्याकाळनंतर दोघांच्याही पोटात काही गेलं नव्हतं. आई पाणी घेऊन धावली, म्हणाली, “पोरी, आज परीक्षा आहे, आज तरी सोड.” सबीहाने मान हलवली. चाचा दारात उभे होते. त्यांनी मला विचारलंही नाही. मीच बोलून गेले, “चाचा, मला झोप लागली.”

ते लगेच म्हणाले, “झोपलेल्याचा हिशोब मांडत नाहीत, बेटा. जा, पेपर नीट लिही.”

भुलण्याला त्यांच्यात माफी होती, हे मला गच्चीवर समजावून झालं होतं. ‘विसरले’ म्हटलं असतं तरी ते तेवढ्याच मायेने बोलले असते. पण दोरी समोर दिसत असताना, दिव्याखाली बसून, स्वतःचं गणित सोडवण्यात मी त्यांना विसरले, हे माझ्या तोंडून निघेना. त्यांनी मला माफ केलं ते मी न केलेल्या गोष्टीसाठी. जी केली होती ती माझ्याकडेच राहिली.

पेपरला ती माझ्या दोन बाकं पुढे होती. उत्तरपत्रिकेवर डोकं ठेवून ती मधेमधे डोळे मिटत होती. माझं शेवटचं गणित तेच आलं, पहाटेचं. मी ते घडाघडा सोडवलं.

तिला गणितात सप्लिमेंटरी आली. ती परीक्षा देऊन निकाल लागेपर्यंत मामांनी दोनदा फेरी मारली, आणि त्याच थंडीत तिचं लग्न झालं. पुढच्या वर्षी चाचा निवृत्त झाले आणि लेकीजवळ भोपाळला गेले. दोन-तीन पत्रं आली. मी एकाचं उत्तर दिलं, तेही अर्धं हवामानाबद्दल. मग ते घर विकलं गेलं.

तेव्हापासून मी काही विसरत नाही. शाळेत यासाठी माझं नाव आहे. कोणत्या खोलीतला पंखा वाजतो, कोणत्या मुलाला चष्मा घरी ठेवायची सवय आहे, कोणाची सही राहिली, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. लोक म्हणतात, मॅडम, तुम्हाला कसं जमतं? मी सांगते, सवय. खरं तर तो धाक आहे. दिवसभराची यादी पुरी झाली तरी कुठेतरी एक काळोखी खिडकी शिल्लक राहिली असेल असं वाटत राहतं. नवरा थट्टा करतो, “सुलभा, तुझ्या याद्यांचीही एक यादी असेल.” आहे.

चाचांचं म्हणणं मी नंतर पुष्कळदा घोळवून पाहिलं. त्यांच्या धर्मातला माणूस मला नेहमी जवळचा वाटत आला, कारण तो जन्मतः पापी नाही आणि देवही नाही. त्याच्या हातात चाव्या दिल्या आहेत आणि तो विसरभोळा आहे, हे देणाऱ्याला पुरतं माहीत आहे. म्हणून पाच वेळा हाक मारून आठवण करायची, वर्षातून एक महिना पोटाला आठवण करायची. माझ्या याद्या मला तशाच वाटत होत्या. पण यादीने काम आठवतं, कबुली देता येत नाही. आदमाने जे एक वाक्य म्हटलं, ते मला कुठल्याच कागदावर लिहिता आलं नाही.

सबीहाचा नंबर माझ्याकडे सहा वर्षं होता. एका लग्नात शाळेतल्या मैत्रिणीने दिला होता, तेव्हाच तिने सांगितलं की चाचा गेले. मी नंबर जपून ठेवला आणि लावला नाही.

या मार्चमध्ये, गणिताच्या पेपरला, पहिल्या बाकावर एक मुलगी होती. ओठ सुकलेले. शिपाई पाणी घेऊन फिरत होता, तिने मान हलवली. मी तिला पंख्याखालच्या बाकावर बसवलं. ती पुटपुटली, “मैम, मैं ठीक हूँ, आप परेशान मत होइए.” आणि लिहायला लागली, खाली मान घालून, भराभर. तीन तास मी वर्गात उभी होते. घरी आले, हातपाय धुतले आणि पाचच्या सुमाराला फोन लावला.

“हॅलो, सबीहा? मी सुलभा. जयेंद्रगंजची.”

पलीकडून एकदम, “सुलू! या अल्लाह! ज़िंदा है तू?”

तिचा आवाज जाड झाला होता, हसणं तेच होतं. दहा मिनिटं मुलं, गुडघे, साखर, सुना. ती म्हणाली, पकोड्यांचं पीठ भिजवतेय, स्पीकरवर टाकलंय, बोल. मी म्हटलं, “सबीहा, मला तुला एक सांगायचं आहे. गणिताच्या पेपरच्या पहाटे मी झोपले नव्हते. जागी होते. गणित सोडवत बसले आणि दोरी ओढायला विसरले. चाचांना मी खोटं सांगितलं.”

“कौन सी डोर?”

“खिडकीतली. घुंगरूंची. सहरीची.”

“घुंगरू?” पीठ कालवायचा आवाज थांबला. “सहरी छूटी थी क्या? मुझे तो याद नहीं, सुलू.”

“पेपर होता त्या दिवशी. तुला सप्लिमेंटरी आली.”

ती मोठ्याने हसली. “अरे, गणित मुझे आता ही कब था! सहरी में बिरयानी खा लेती तब भी वही नंबर आते. अब्बा की बेटी थी, तो सब समझते थे आता होगा. तू इतने साल यह लेकर बैठी थी? पागल है क्या?”

मीही हसले. हसायलाच हवं होतं. पण आत काहीतरी खचलं. मला माफी हवी होती आणि मिळाली ती विस्मृती. ती दोरी, ते घुंगरू, अठरा खुणा, पराठ्याचा वास, हे सगळं आता जगात फक्त माझ्याकडे होतं. ज्या ऋतूसाठी मी तेहतीस वर्षं झुरले, त्यात मी एकटीच राहत होते.

“चाचा आठवतात मला,” मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून. “गच्चीवरचे. टाकीला टेकवलेला फळा.”

ती हळू आवाजात म्हणाली, “आख़िर में अब्बा सब भूल गए थे, सुलू. चार साल. पहले दो-तीन के पहाड़े भूले, फिर नमाज़ की रकअतें गिनना, फिर मेरा नाम. मुझे आपा कहते थे, बड़ी बहन समझकर. मेरी आँखों में अब वही अब्बा बैठे हैं. पहले वाले आते ही नहीं. कोशिश करती हूँ, नहीं आते.”

मला खुर्चीवर बसल्या जागी दिसत होते ते, कोरड्या ओठांचे, किल्ल्याकडे बोट केलेले.

“तुझे याद हैं?” तिने विचारलं.

“शब्द न् शब्द.”

“बता.”

मी सांगायला लागले. हातात कागद नव्हता. माती सांगितली, फुंकर सांगितली, फरिश्त्यांना न आलेली नावं सांगितली. किल्लेदार सांगितला. ठसका लागला होता तेसुद्धा सांगितलं. मधे ती म्हणायची, “हाँ... हाँ, ऐसे ही बोलते थे,” आणि मधे नुसता श्वास ऐकू यायचा. पहाडांनी नको म्हटलं आणि माणूस द्या म्हणाला, इथे ती रडली. मी थांबले.

“रुक मत,” ती म्हणाली. “और?”

“आईची एकादशी सांगू?”

“सब बता.” नाक पुसल्याचा आवाज आला. मग अगदी शाळेतल्या मुलीसारखं, संकोचून तिने विचारलं, “और मैं, सुलू? मैं कैसी थी तब?”

बाहेर ऊन उतरत होतं. मी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि म्हटलं, ऐक.